मोघम एवढं का टोचतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "मोघम काय, संदिग्ध काय, अस्पष्ट काय, सगळं एकच, तू उगाच शब्दाला अडतेस," हे घरीदारी ऐकून मी थकले आहे. एकच नाही.

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या कुळागराबद्दल, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेबद्दल, आजोबांनी चिठ्ठी ठेवली होती. झऱ्याकडची बाजू अमुक माडापर्यंत धाकट्याने पाहावी, बाकी समजून घ्यावे. कुठल्या माडापर्यंत, तिथे पावसाळी ओलीने शाई पसरलेली. ते अस्पष्ट; उजेडात धरून, भिंग लावून बघता तरी येतं. 'पाहावी' संदिग्ध. काका म्हणाले, पाहावी म्हणजे दिली. बाबा म्हणाले, म्हणजे राखण करावी. दोघांचंही मराठी बरोबरच होतं. आणि 'बाकी समजून घ्यावे' हे मोघम. तिथली शाई ठसठशीत आहे. ज्याला ठाऊक होतं त्यानेच सांगितलं नाही.

कायद्याने त्या चिठ्ठीला किंमत नव्हतीच. गोव्यात मृत्युपत्र करायचं तर नोटरी लागतो. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे निम्मी मालमत्ता मुलांना राखीव, पण उरलेल्या निम्म्याचं तरी ते लिहू शकले असते. शेवटी इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीत, वारसांमध्ये बोली लागली. सख्ख्या भावांनी एकमेकांसमोर आकडे उच्चारले. बाबा एका आकड्याला थांबले, पाणी प्यायले आणि पुढे बोललेच नाहीत. कुळागर काकांकडे गेलं. त्या चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीसाठी, सुपारीचा घोस आम्ही बाजारातून विकत आणला. आई तो हातात घेईना. मीच बांधला.

तेव्हा मी ठामपणे म्हणायचे, आजोबा भित्रे होते. सुपारीच्या हिशेबात ज्यांनी कधी मोघम आकडा घातला नाही, त्यांना मुलांचे वाटे लिहायला काय झालं होतं? आता वाटतं, लिहिलं असतं तर एक मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत दुरावला असता. पण मग ते दुरावणं त्यांनी आमच्या वाट्याला ठेवलं, त्याचं काय? काकू म्हणते, त्यांचा पोरांवर विश्वास होता. असेलही. विश्वास असलेला माणूस एक ओळ जास्त लिहीत नाही का?

म्हणून कोणी "बघू, करू काहीतरी" म्हणालं की मी विचारते, काय, कधी आणि कोण. तुम्हाला ते खवचट वाटतं. मला इलाज नाही. बाबांनाही मी विचारते, तुम्हाला आजोबांचं काय वाटतं? ते "तसंच काहीतरी" म्हणतात, आणि मी पुन्हा विचारते.