टेबलाच्या दोन्ही बाजूंना

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून यंदा तीन महिने सोलापुरात आहे. आमचं घर पूर्व भागात, मागच्या बाजूला अजून चार पॉवरलूम चालू आहेत. पहिले दोन दिवस त्या खटखटीनं झोप लागली नाही, आता ती थांबली की जाग येते.

गड्ड्याची यात्रा संपत आली त्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. "थोरल्याची कॅनडाची पीआर आली बघ. पुढच्या महिन्यात निघालेत तिघं. काय काय भरून देऊ गं?" (पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी.) मी सांगितलं, शेंगाचटणी द्या, कडक भाकरी द्या, नातवाला थर्मल तिथेच घ्या, इथलं पुरत नाही. काकू समाधानानं गेल्या. रात्री मात्र मला रुखरुख लागली. जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. कॅनडात नव्यानं आलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेत बारा-तेरा वर्षांत मी शेकडो माणसांना जे सांगितलं, ते माझ्याच शेजारणीला सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय.

आम्ही २०११च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनला उतरलो. नवरा टेक्स्टाईल इंजिनिअर, मुलगी साडेतीन वर्षांची. एका बेसमेंटमध्ये दोन खोल्या मिळाल्या. घरमालकानं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, "तुम्ही नवीन, तुमची क्रेडिट हिस्ट्री नाही" म्हणून. आम्ही दिलं. सोलापुरात डिपॉझिट देतात तसंच हे, असं वाटलं. ऑन्टॅरिओत घरमालकाला फक्त शेवटच्या एका महिन्याचं भाडं आगाऊ मागता येतं, त्याहून जास्त मागणं कायद्यात बसत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा ऑन्टॅरिओत आरोग्य कार्ड मिळायला तीन महिने थांबावं लागायचं. त्याच तीन महिन्यांत मुलीला ताप चढला, कानात पू झाला. एका खाजगी दवाखान्यात डॉलर मोजून आलो आणि परत येताना बसमध्ये मी मनात प्रत्येक आकड्याला रुपयांनी गुणत होते. कार्ड नसलेल्यालाही तपासणारी कम्युनिटी हेल्थ सेंटरं असतात, हे नंतर कळलं. (ती तीन महिन्यांची अट ऑन्टॅरिओनं मार्च २०२०मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र अजून थांबावं लागतं, तिकडे जाणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांचा विमा काढूनच निघावं.)

हे सगळं सांगणारी माणसं आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर, नव्यानं आलेल्यांसाठीच्या सेटलमेंट सेंटरमध्ये बसलेली होती. फुकट. आणि मी सात महिने तिथे गेले नाही.

का गेले नाही, हे नीट सांगायला हवं, कारण आपली बहुतेक माणसं याच कारणानं जात नाहीत. मला वाटायचं, ते निर्वासितांसाठी आहे. आम्ही पॉइंट मिळवून, परीक्षा देऊन, पैसे दाखवून आलोय, आपण कशाला कुणाच्या दारात जायचं? 'फुकट' या शब्दाची लाज वाटायची. खरं तर केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं हा पैसा पीआर मिळालेल्या प्रत्येकासाठी देतं, इंजिनिअर असो की छावणीतून आलेलं कुटुंब. संस्था सरकारी नसतात, ना नफा तत्त्वावर चालतात. नागरिकत्व मिळालं की केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या बहुतेक सेवांचा हक्क संपतो. म्हणजे लाजेत घालवलेला काळ परत मिळत नाही.

शेवटी गेले ती लायब्ररीत, मुलीला चित्रांची पुस्तकं आणायला. तिथे कोपऱ्यात एक टेबल होतं, मागे एक सोमाली बाई. कॅनडात कित्येक लायब्रऱ्यांत आणि शाळांत असे सेटलमेंट वर्कर येऊन बसतात. माझ्या हातातले कागद बघून तिनंच बोलावलं. नवऱ्याच्या डिग्रीच्या मूल्यांकनाचा फॉर्म होता. तिनं लिहायला सुरुवात केली आणि आधी एक गोष्ट केली, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. ती माझ्याबद्दल काय टाईप करतेय ते मला दिसेल असा. आजवर कुठल्याही कचेरीत माझ्यासमोर कुणी असं केलं नव्हतं. पुढे मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागले, तेव्हा रोज सकाळी पहिलं काम तेच करायचे.

तिनं मला लिंकच्या वर्गात घातलं. लिंक म्हणजे सरकारी खर्चानं चालणारे इंग्रजीचे वर्ग, १९९२पासून आहेत. आधी परीक्षा घेऊन तुमची पातळी ठरवतात, एक ते बारा अशा पायऱ्या आहेत. माझं वाचणं-लिहिणं बरं निघालं, बोलणं फारच खाली. मराठी माध्यमाची मुलगी मी, व्याकरण पाठ आणि तोंड बंद. वर्ग चालू असताना शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय होती, नाहीतर मी गेलेच नसते. ज्या बाईच्या मांडीवर मूल आहे तिला नुसता वर्ग फुकट देऊन काय उपयोग? हे ज्याला सुचलं त्याचं मला कौतुक वाटतं.

दीड वर्षानं आधी स्वयंसेवक म्हणून आणि मग पगारावर मी एका संस्थेत लागले. मुलाखतीत विचारलं, किती भाषा येतात? मी मोजल्या. मराठी. कन्नड, कारण आजी अक्कलकोटकडची. तेलुगू, कारण आमच्या वाड्यात सगळी पद्मशाली बिऱ्हाडं आणि खेळायचं म्हणजे तेलुगूतच. हिंदी, आणि सोलापुरात हिंदी म्हणजे उर्दू बरोबर येतेच. शिवाय इंग्रजी. समोरच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सोलापुरात याला कुणी शिक्षण म्हणत नाही, भाजी घ्यायला गेलं तरी तीन भाषा होतात. माझी बी.कॉम.ची डिग्री तिकडे कुणी विचारली नाही. नोकरी मला आमच्या सोलापूरच्या अशोक चौकानं दिली.

काम काय असतं? माणूस येतो, आपण त्याला काय काय लागेल ते विचारून एक आराखडा करतो. नोकरीसाठी लागणारा नऊ आकडी सिन नंबर, जो सर्व्हिस कॅनडा या सरकारी कचेरीत फुकट मिळतो आणि ज्यासाठी काही एजंट पैसे उकळतात. शाळेत नाव, घर, बँक, रेझ्युमे. कुणी "कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही" म्हणून परत पाठवलं, तर ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगानं २०१३मध्येच अशी अट सकृतदर्शनी भेदभाव मानलीय, हे सांगणं. नवरा तेव्हा वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करत होता. त्याला हे वाक्य मी घरी वाचून दाखवलं, तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त पुन्हा एकदा वाच म्हणाला.

२०२१मध्ये काबूल पडलं. कॅनडानं चाळीस हजार अफगाणांना घ्यायचं ठरवलं. सरकार ज्यांना स्वतः आणतं त्यांना विमानतळावर उतरवून घेतात, काही आठवडे तात्पुरत्या जागी ठेवतात, घर शोधून देतात आणि साधारण वर्षभर खर्चाला पैसे मिळतात. जागा कमी पडल्या की हॉटेलं घेतात. पेशावरला राहिलेल्या कितीतरी जणांना उर्दू येत होती म्हणून मला तिकडे बोलवायचे. फॉर्म भरताना माझ्या लक्षात आलं, आजोबांची जन्मतारीख १ जानेवारी. आजीची १ जानेवारी. मोठ्या मुलाचीही. बरोबरची नवीन मुलगी म्हणाली, काहीतरी चुकलंय, परत विचारू या. मी म्हटलं, काही चुकलेलं नाही. माझ्या आईची जन्मतारीख १ जून आहे, मावशीची १ जून आहे, आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. मी हे त्या आजींना सांगितलं. "मग तुमच्या आईचा खरा वाढदिवस कधी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नागपंचमीच्या पुढेमागे. त्यांचा बर्फ वितळताना होता.

खाजगी प्रायोजकत्व ही दुसरी वाट, आणि मला कॅनडाची सर्वांत जास्त भावलेली गोष्ट हीच. पाच सामान्य माणसं एकत्र येऊन, किंवा एखादं चर्च, एका निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी कायद्यानं अंगावर घेतात. (पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं सरकारनं नोव्हेंबर २०२४मध्ये थांबवलं.) १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून साठ हजार माणसं आली, त्यातली निम्म्याहून जास्त याच वाटेनं. १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार कॅनडाच्या जनतेला मिळाला, एका अख्ख्या देशाच्या लोकांना. पण जवळून पाहिलं की यातलं अवघडही दिसतं. २०१६च्या हिवाळ्यात सीरियन कुटुंबं आली तेव्हा एका गटाचा आमच्याकडे फोन आला. त्या कुटुंबानं पहिल्याच महिन्यात मोठा टीव्ही घेतला, आम्ही थांबवू शकतो का? माझी वरिष्ठ शांतपणे म्हणाली, नाही. घरचे पैसे त्यांचे आहेत. मदत करणाऱ्याला दुसऱ्याचं घर चालवायचा हक्क मिळत नाही. हे वाक्य मी सोलापुरातल्या कितीतरी काका-मामांना मनातल्या मनात ऐकवलंय.

आता मुख्य गोष्ट. काकूंच्या मुलाला तिथे मराठी माणसं भेटतील, तेलुगू भेटतील. टोरोंटोच्या मराठी भाषिक मंडळाचा गणपती असतो, आम्हाला पहिला सोफा तिथल्याच ओळखीतून मिळाला, ते उपकार मी विसरणार नाही. सोलापूर तरी कसं वसलं? तेलंगणातून आलेला विणकर आधी भावकीच्या दारात उतरला, त्यांनीच खोली बघून दिली, मागावर उभं केलं. आपल्या माणसाचा आधार मोठाच. पण आपल्या माणसाला सगळं सांगता येत नाही.

एक मराठी बाई माझ्याकडे आली होती. तिची ओळख पटेल असं मी काहीही लिहिणार नाही. पहिल्या दोन भेटींत ती फक्त मुलाच्या शाळेबद्दल बोलली. तिसऱ्या भेटीत तिनं विचारलं, "तुम्ही मंडळात येता का?" मी म्हटलं, येते, पण या टेबलावरचं तिथे येत नाही, माझ्या नोकरीचीच ती अट आहे. मग तिनं बाही वर केली. तिला भीती होती की नवऱ्याला सोडलं तर पीआर जाईल, परत पाठवतील. २०१२ ते २०१७ मध्ये नवऱ्याच्या किंवा बायकोच्या प्रायोजकत्वावर आलेल्या काहींना दोन वर्षं एकत्र राहायची अट होती. तेव्हाही मारहाण झालेल्यांना त्यातून सूट होती. २०१७च्या एप्रिलमध्ये ती अटच गेली. पण धमकी मात्र घराघरांत अजून तशीच चालू आहे. मी तिला नियम दाखवला, पडदा तिच्याकडे वळवून. हे तिला मंडळातल्या कुणी सांगितलं नसतं असं नाही, पण तिनं तिथे विचारलंच नसतं. सोलापुरात मला भावकीतली शंभर दारं माहीत आहेत. असं परक्याचं, तोंड बंद ठेवायला बांधील असलेलं एक दार मला पूर्व भागात दाखवता येणार नाही.

तिकडच्या जुन्या संस्थाही आधी आपापल्या माणसांसाठीच निघाल्या. टोरोंटोची कॉस्टी इटालियन कामगारांसाठी, व्हँकुव्हरची सक्सेस १९७३मध्ये चिनी भाषकांसाठी. आज त्यांच्या दारात कुणीही जातं. आपल्या जातीची बोर्डिंगं, समाजाची कार्यालयं यांच्याकडे बघताना मला हा विचार हल्ली फार येतो.

एक गोष्ट मला अजून खुपते. विद्यार्थी आणि वर्क परमिटवरचे कामगार केंद्राच्या या सेवांत सहसा बसत नाहीत. तळघरात सहाजण राहणारी आपली विशीतली पोरं टेबलापर्यंत यायची आणि मला सांगावं लागायचं, तुझी फाईल मी उघडू शकत नाही. प्रांताच्या किंवा शहराच्या पैशातून चालणारं काही असलं तर तिकडे पाठवायचे, जेवणाच्या सुट्टीत रेझ्युमे बघून द्यायचे. ज्याला सर्वांत जास्त गरज तोच यादीबाहेर, हे बरोबर नाही.

तर परवा मी स्वतःच काकूंकडे गेले. मुलाला सांगितलं, पीआर मंजूर झाल्याचं पत्र हातात आहे ना, मग निघण्याआधीच इथून ऑनलाइन फुकट मार्गदर्शन मिळतं, आजच नाव नोंदव. उतरल्यावर पहिल्या आठवड्यात सेंटरमध्ये जा. एक महिन्याहून जास्त आगाऊ भाडं कुणी मागितलं तर देण्याआधी विचार. तो मोबाईलवर लिहून घेत होता. सूनबाई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज थांबला.

संध्याकाळी ती पातेलं परत द्यायच्या निमित्तानं आली. हे तिला विचारूनच लिहितेय. "अक्का, मला एकटीला जाता येतं का तिथं? का फाईल ह्यांच्याच नावावर असती?"

"तुझी पीआर तुझी आहे. तुझी फाईल वेगळी उघडतात."

"इंग्लिश येत नाही ओ नीट."

मी कॅलेंडरच्या मागे २११ लिहून दिलं. हा नंबर फिरवला की जवळचं सेंटर कुठलं ते सांगतात, दुभाषी मागता येतो. त्यासाठी फक्त आपल्या भाषेचं नाव इंग्रजीत म्हणता आलं पाहिजे. तिनं तीन वेळा म्हणून बघितलं. मग आईच्या कॉटवर बसून आम्ही तो फोन खोटाखोटा केला, मी पलीकडची बाई झाले. दुसऱ्या खेपेला तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, "जरा हळू बोला." मी म्हटलं, हे वाक्य इंग्रजीत शिकून घे. तेच सगळ्यात आधी लागेल.