प्रार्थनेत बळकट

गुरुवार, रात्र

पावणेतीन वाजलेत. आईची कूस बदलून झाली, पाठीला पावडर लावून झाली, एअर बेडचा पंप आपला घुरघुरतोय आणि आता मला परत झोप लागणार नाही हे पक्कं माहितीय, म्हणून लिहायला बसलेय.

दादाचा मेसेज आला संध्याकाळी. तसं त्यात वाईट काहीच नाही. 'तू प्रार्थनेत बळकट आहेस गं, प्रभू तुला सामर्थ्य पुरवतोय, आम्ही इथून बघतोय.' खाली हात जोडलेले. त्यावर वहिनीचा लाल बदाम. बास, एवढंच. आणि मी कुकरपाशी उभी होते ती तशीच उभी राहिले, शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भाताचा पार गिचका झाला. आई म्हणाली, बरंय, चावायला नको.

राग नक्की कशाचा आलाय तेच कळत नाहीये. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. कौतुकाशी कसं भांडायचं? देवळात पण सगळे हेच म्हणतात, तुझ्याकडे बघून आम्हाला धीर येतो, तुझी साक्ष मोठी आहे, आणि मी हसते आणि प्रभूची कृपा म्हणते आणि रिक्षा शोधते कारण बाराला मावशी निघतात. कुणाला माझ्याकडे बघून धीर येतो म्हणजे त्यांना घरी जाऊन निवांत झोप लागते असाच अर्थ झाला ना त्याचा. मला मात्र कुणाकडे बघून धीर येत नाही. पप्पा असते तर... जाऊदे.

दर दोन तासांनी कूस बदलायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, एकदा बेडसोर झाला की भरायला फार वेळ लागतो, होऊच द्यायचा नाही. दिवसा ब्युरोच्या मावशी आहेत. रात्री मी. रात्रीच्या मावशींचं गणित दादाबरोबर एकदा मांडून झालंय, त्यातून नाशिकच्या प्लॉटपर्यंत गेलो आम्ही, तो विषय आज नको.

तर मी रोज काय करते, झोपायच्या आधी आईच्या पलंगाशी बसून प्रार्थना करते. आधी आई करते, तिची लांब असते, त्यात आख्खं खानदान येतं, पंतप्रधान येतात, वरच्या काकूंचा गुडघा येतो. मग माझी. माझी आता एकच ओळ उरलीय, सामर्थ्य दे. आणि खरं सांगायचं तर तो देतो. हीच तर गंमत आहे. सकाळी उठवणार नाही असं वाटतं आणि उठवतं. लॅपटॉप उघडला जातो, कॉल घेतले जातात, साहेबांना गुड मॉर्निंग म्हटलं जातं. मग लोकांना दिसतं की हिला सामर्थ्य मिळतंय, मग ते म्हणतात वा काय विश्वास आहे, मग कुणी येत नाही, मग मला अजून सामर्थ्य मागावं लागतं. असं किती दिवस चालणार? आज तर असं वाटलं की मागायचंच बंद करावं. चांगलं धाडकन आडवं पडावं एकदा, मग येतील नाशिकहून धावत.

हे लिहिताना मलाच लाज वाटतेय पण खोडत नाही.

ग्रुपवर कुणीतरी परत यशया 40 टाकलंय, गरुडासारखे पंख पसरून वर उडतील, धावतील तरी दमणार नाहीत. सुंदर वचन आहे, पप्पांचं आवडतं होतं. पण गरुडाला रात्री तीनला डायपर बदलावा लागत नाही. आणि आईचं ते लाडकं स्तोत्र 121, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. बरोबर आहे. तो इस्राएलाचा रक्षक आहे. मी ऑफिसला जाणारी बाई आहे, मला झोप लागते. या गावात दुकानदार सुद्धा एक ते चार झोपतात आणि अख्ख्या पुण्याला त्यात अभिमान वाटतो, माझ्याच झोपेला तेवढी किंमत नाही.

आत्ता वाचलं तर हसू आलं जरा.

मार्गदर्शन कर असं पण मागत होते मी मधे. ऑफिस सोडू का, आईला घेऊन नाशिकला जाऊ का, का त्या कोंढव्याच्या होममध्ये चौकशी करू. आई ऐकते म्हणून ते मनातल्या मनात. काही उत्तर नाही. बाकीच्यांना कसं मिळतं देव जाणे, बुधवारच्या सभेत एकेक जण साक्ष देतो, वचनपेटीतून चिठ्ठी काढली आणि त्यात नेमकं तेच होतं. मी काढली तर मला आलं, सर्वदा आनंदित असा. ठेवून दिली परत.

मग मगाशी, झोप येईना म्हणून, बायबल काढलं. जानेवारीपासूनचं वर्षभराचं वाचन, त्या तक्त्याप्रमाणे मी आत्ता संदेष्ट्यांमध्ये असायला हवी, मी निर्गमातच आहे. मोशेबरोबर वाळवंटात. निर्गम 17. अमालेकी लोकांशी लढाई लागलीय, यहोशवा खाली लढतोय आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा. हात वर असले की इस्राएल जिंकतात, खाली आले की अमालेकी. शब्बाथ शाळेत आम्ही याचं नाटक केलं होतं, दादा मोशे होता, अर्थातच, आणि मी अमालेकी.

तर मोशेचे हात भरून येतात. आणि मी परत वाचलं, दोनदा वाचलं, की आता देव त्याच्या हातात बळ घालेल. घालत नाही! देव त्या ठिकाणी मोशेच्या दंडांसाठी काहीसुद्धा करत नाही. काय होतं तर अहरोन आणि हूर एक धोंडा आणतात, त्याला बसवतात त्याच्यावर आणि दोघं दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत. झालं, लढाई जिंकली. एवढा मोठा देवाचा माणूस, समुद्र दुभागलेला त्याच्यासमोर, आणि त्याला मिळालं काय, एक दगड आणि दोन माणसं.

पुढच्याच अध्यायात सासरा येतो भेटायला, इथ्रो. तो बघतो की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि लोक रांगेत. तो मोशेला म्हणत नाही की तू प्रार्थनेत बळकट आहेस. तो म्हणतो हे बरं नाही, तुला एकट्याला झेपणार नाही, कामं वाटून दे. असा सासरा हवा. असा भाऊ तरी हवा.

आणि गेथशेमाने बागेत, पकडलं जायच्या त्या रात्री, प्रभू येशूने तरी काय केलं, पेत्र, याकोब, योहान, तिघांना बरोबर नेलं आणि सांगितलं की माझा जीव कासावीस झालाय, इथे थांबा, जागे रहा माझ्याबरोबर. स्वतः प्रभूनं. ते झोपले हा भाग वेगळा. मला कायम वाटायचं की या गोष्टीत मी म्हणजे झोपलेले शिष्य, तसंच शिकवलं आम्हाला, जागे रहा प्रार्थना करा. आज पहिल्यांदा असं झालं की मी त्या बाजूनं बघितलं, ज्याला कुणीतरी जागं राहायला हवं होतं त्या बाजूनं.

पावणेपाचला परत कूस. झोपते तासभर.

रविवार, संध्याकाळ

देवळात जाऊन आले. उशीर झाला, घंटा वाजून गेल्या होत्या. आमच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात 8 घंटा आहेत आणि लहानपणी पप्पा म्हणायचे पहिल्या घंटेला घर सोडायचं, शेवटचीला बाकावर. पप्पांच्या वेळी गुरुवार पेठेत ट्रॅफिक नव्हता.

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी चिठ्ठी द्यायची असते. माझी दर आठवड्याला ठरलेली, आईच्या आरोग्यासाठी व कुटुंबाच्या सामर्थ्यासाठी. यावेळी पेन हातात धरलं आणि लिहिलं, आईजवळ बुधवारी रात्री बसायला कुणीतरी हवं आहे, दोन माणसं मिळाली तर बरं, मला झोपायचं आहे. खाली नाव. देऊन टाकली आणि मग घाम फुटला. पाळकसाहेबांनी जशीच्या तशी वाचली, 'मला झोपायचं आहे' सकट. मागून कुणीतरी खोकलं. मग सगळे आमेन म्हणाले, जरा सावकाश.

उपासनेनंतर चहा. हे तेच पंचहौद जिथे 1890 साली मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत यावं लागलं, एवढं त्या कपावरून रामायण झालं पुण्यात, आणि आज माझ्या कपाशी तीन बायका उभ्या. एक म्हणाली असं चिठ्ठीत लिहायचं नसतं. दुसरीनं परत गरुडाचं वचन दिलं, हात हातात घेऊन, डोळ्यात पाणी, मनापासून दिलं तिनं, नाही म्हणवेना. तिसरी, जिच्याशी मी वर्षभरात धड बोलले नसेन, महिला मंडळात सगळ्यांत गप्प असते ती, म्हणाली की माझ्या सासूबाई चार वर्षं होत्या पलंगावर, मला कूस बदलता येते, बुधवारी मी येईन, माझ्या मुलीला पण आणते, उचलायला दोघी लागतात.

मी थॅंक्यू म्हटलं की नाही ते आठवत नाही.

आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. तिची आजी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आलेली, पंडिता रमाबाईंकडे, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. आई म्हणाली रमाबाईंनी 1905 साली प्रार्थना सुरू केली तेव्हा काय एकट्या बसल्या होत्या का कोपऱ्यात? आधी 70 जणी बसायच्या, मग साडेपाचशे. आणि प्रार्थना झाली की त्याच जणी विहिरीवर, शेतात, स्वयंपाकात. तुम्हाला आता सगळं मोबाईलवर करायचं असतं. मी म्हटलं आई, तूच तर म्हणायचीस की कुणाला त्रास द्यायचा नाही. तर म्हणे ते लोकांच्या घरी जेवायच्या वेळेला जायचं नाही याबद्दल होतं.

दादाला फोन केला. प्लॉटचा विषय नाही काढला. पुढचा शनिवार-रविवार तू बस, एवढंच म्हटलं. तो म्हणाला बघतो. मी म्हटलं बघू नकोस, ये. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, रात्री किती वेळा उठावं लागतं? सांगितलं. परत काही बोलला नाही. येईल बहुतेक. नाही आला तर परत सांगेन, आता जमतंय मला.

एक राहिलंच. आज मी देवळात असताना आईजवळ वरच्या काकू बसल्या होत्या. जिन्यात मागे कितीदा विचारलंय त्यांनी आणि माझं आपलं नको नको, तुमचा गुडघा. आज मीच वर जाऊन बेल वाजवली. त्या जपमाळ घेऊनच आल्या, म्हणाल्या तू जा, माझा जप इथेच होईल. आईनं त्यांचा जप होईस्तोवर दम धरला आणि मग त्यांच्या हातात मोठ्या टायपाचं बायबल दिलं, स्तोत्र 121 वाचा म्हणाली. स्तोत्र म्हटल्यावर काकूंनी ते रामरक्षेच्या चालीत म्हटलं. अख्खं. शेवटी नमस्कार पण केला पुस्तकाला.

मी विचारलं आईला, कसं वाटलं गं.

म्हणाली, बाईंचे उच्चार किती स्पष्ट आहेत. तू नुसतं पुटपुटतेस.