काउंटरखालच्या ड्रॉवरमधली बाटली

मिरजेत मेडिकल दुकान चालवायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. या गावात बोळाबोळात दवाखाना, त्यामुळे काउंटरवर कोण काय विचारेल याचं नवल वाटायचं केव्हाच बंद झालंय. पण अलीकडे एक प्रश्न वाढलाय. माणूस आधी मागे वळून बघतो आणि मग हळूच विचारतो, "ते गांजाचं तेल ठेवता का ओ?"

नाही ठेवत. पण मध्यंतरी एका गिऱ्हाइकानंच ते माझ्यासमोर आणून ठेवलं.

त्यांच्या भाच्याला फिट्स येतात. नऊ वर्षांचं पोरगं, वजन जेमतेम वीस किलो. क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट, फिट्सची ही दोन्ही औषधं माझ्याकडूनच जातात. मामांनी पिशवीतून बाटली काढली : तपकिरी काच, ड्रॉपरचं झाकण, तीस मिली. कुठल्याशा डॉक्टरनं व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलून चिठ्ठी दिली आणि तिसऱ्या दिवशी कुरियर दारात. झाकण उघडलं तर ओल्या गवताचा वास, आणि त्याखाली तिळाच्या तेलाचा.

"फिट्स कमी झाल्यात म्हणावं, तर पोरगं जागंच नसतंय. दिवसभर झोपून."

चष्मा लावून लेबल वाचलं. विजया पत्र म्हणजे भांगेची पानं, तिळाचं तेल, बॅच नंबर, आयुर्वेदिक औषधाचा परवाना. सगळं होतं. नशा आणणारं टीएचसी किती, नशा न आणणारं सीबीडी किती, एका थेंबात किती मिलिग्रॅम, यातलं एक अक्षर नाही.

हे तेल चोरटं आहे असंही नाही. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. भांग त्या फटीतून बाहेर राहिली आणि पानांचा अर्क आयुर्वेदाच्या परवान्यावर 'विजया' म्हणून विकला जातो. त्याच झाडाचा फुलोरा वीस किलोच्या वर सापडला तर दहा ते वीस वर्षं आत. आमच्याकडे उसाच्या फडात लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याची बातमी अधूनमधून येतेच.

बरं, झाडात औषध नाही म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली एपिडायोलेक्स या औषधाला मान्यता दिली, तीही ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या फिट्सच्या अगदी चिवट आजारांसाठी. याच झाडातलं सीबीडी, पण एका मिलीत मोजून १०० मिलिग्रॅम. डोस साधारण किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे या पोराला दिवसाला दोन ते चार मिली. मामा देत होते सकाळी चार थेंब, रात्री चार थेंब. कशाचे, ते देव जाणे. त्या औषधाच्या माहितीपत्रकात हेही लिहिलंय, की क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लिव्हरच्या तपासण्या करत राहा. आता हे पोरगं सीबीडीनं झोपलं, टीएचसीनं की क्लोबाझाम अंगात साठून, हे मी त्या लेबलावरून कसं सांगणार? एवढंच सांगितलं, की गोळ्या मनानं बंद करू नका आणि आजच्या आज न्यूरोच्या डॉक्टरांना ही बाटली दाखवा.

टीव्हीवर या विषयाची चर्चा लागली की मी आवाज बंद करतो. एक म्हणतो शंकराचा प्रसाद आहे, दुसरा म्हणतो पोरं बिघडतील. एका थेंबात किती, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही.

माझ्यापुरता हा वाद २००९ सालीच संपला होता. आप्पांचा कॅन्सर हाडात गेला होता. रात्री दोनला ते उशीचा कोपरा दातात धरायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी केमिस्ट, घरच्या दुकानात हजारो औषधं, आणि मॉर्फिनची, अफूपासून होणाऱ्या त्या वेदनाशामकाची, एक गोळी मिळत नव्हती. तिला त्याच एनडीपीएस कायद्यानं बंदी नव्हतीच. 'वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी' ही सूट कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे, गांजाला आणि अफूलाही. अफू तर सरकारी परवान्यावर मध्य प्रदेश-राजस्थानात पिकते आणि नीमच, गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. पण मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने, तेही सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. कोण त्या भानगडीत पडणार? कायदा आल्यानंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, चिठ्ठी दाखवली, दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या मोजून घेतल्या आणि रात्रीच्या गाडीनं परत. त्या रात्री आप्पा सहा तास झोपले. असल्या तीन फेऱ्या झाल्या. परवान्यांची ती गुंतागुंत सुटावी म्हणून संसदेनं कायदा बदलला, तो २०१४ साली.

त्यामुळे गांजाला वैद्यकीय परवानगी द्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'द्यावी' असंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटता झाला, तेव्हा भारतानंही बाजूनंच मत दिलं होतं. पण ती परवानगी इथे माझ्या काउंटरवर पोचली पाहिजे. बाटलीवर मिलिग्रॅम, डॉक्टरची खरी चिठ्ठी, आणि कडक नोंद लागणाऱ्या औषधांच्या, म्हणजे एच-वनच्या, रजिस्टरला पेशंटच्या नावासकट नोंद. थायलंडनं २०२२ मध्ये सगळं मोकळं सोडलं, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये फुलोऱ्याला पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. एवढा फेरा मारायची आपल्याला काय गरज?

डॉक्टरांनी तेल बंद केलं. आठवड्यानं मामा आले. पोरगं जागं असतंय म्हणाले, पण फिट्स पुन्हा पहिल्यासारख्या. यावर काय बोलावं ते मला कळलं नाही. बाटली माझ्याकडेच ठेवून गेले, घरात आजी गुपचूप द्यायची म्हणून. ड्रॉवरमध्ये आहे. अर्धी भरलेली. विकता येत नाही, फेकवत नाही, आणि उद्या औषध निरीक्षक आले तर ती कुठल्या रजिस्टरला दाखवायची, ते अजून सुचलेलं नाही.