निळा पट्टा

"मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांगितलं का त्यात?"

मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर सोसायटीतल्या काकांनी विचारलं. काका म्हणजे निवृत्त हवालदार. मी कानात इयरफोन घालून सीरियल किलर रमण राघवचा एपिसोड ऐकत होते, अगदी रंगून. १९६८ची मुंबई, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे खून, पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींचा तपास आणि कोंबडीचं जेवण मिळाल्यावरच तोंड उघडणारा आरोपी. कोंबडी बरोब्बर लक्षात राहते!

नाव मात्र एकही आठवेना. फुटपाथवर झोपणाऱ्याला नाव विचारतंच कोण म्हणा.

काका म्हणाले, "माझा पहिला पंचनामा अजून पाठ आहे. डाव्या पायाची स्लिपर, निळा पट्टा, अंगठ्याजवळ तांब्याच्या तारेने बांधलेला. साहेब म्हणाले, तारसुद्धा लिही. त्या तारेवरूनच बायकोने ओळखलं."

मग शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

घरी येऊन एपिसोड पुन्हा लावला. कोंबडी तीनदा आली. नावं नाहीत.

तुम्हाला आठवतंय एखादं?