शून्य गुण आणि न बदललेली तारीख

त्या सकाळी हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सांगितली जाते तेव्हा, एका रुग्णाच्या नावापुढे धोक्याचे गुण म्हणून शून्य लिहिलेले होते. रात्रपाळीच्या नर्सने सांगितले, "व्यवस्थित झोपले, गोळ्या घेतल्या, काही तक्रार नाही," आणि आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळलो. अकराच्या सुमारास याच रुग्णाने, कोणताही शब्द न उच्चारता, माझ्या एका सहकाऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठाला दोन टाके पडले आणि तो सहकारी आठवड्याभराने कामावर परतला. मला मात्र त्या दिवसाची आठवण वेगळ्याच कारणाने बोचते. सकाळी आठ वाजता मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती कोणालाही सांगितली नव्हती.

मी इंग्लंडमधील एका मध्यम सुरक्षेच्या फोरेन्सिक मानसोपचार वॉर्डमध्ये नर्स आहे. फोनवर 'फोरेन्सिक' हा शब्द उच्चारला की घरच्यांना शवविच्छेदन आणि बोटांचे ठसे आठवतात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करते. ज्यांच्या हातून गंभीर गुन्हा घडला, पण ज्यांना तुरुंगापेक्षा उपचारांची गरज आहे असे न्यायालयाला वाटले, किंवा तुरुंगात असताना ज्यांचा मानसिक आजार बळावला, असे लोक आमच्याकडे येतात. इंग्लंडमध्ये अशा रुग्णालयांचे सुरक्षेनुसार उच्च, मध्यम आणि कमी असे तीन स्तर आहेत. उच्च सुरक्षेची रुग्णालये तीनच आहेत, ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि अ‍ॅशवर्थ, आणि त्यांपैकी ब्रॉडमूर तर १८६३ पासून चालू आहे. १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम ३७ नुसार न्यायालय शिक्षेऐवजी रुग्णालयात ठेवण्याचा आदेश देते. त्याला कलम ४१ ची जोड असली तर अशा रुग्णाला तासाभरासाठी बाहेर फिरायला नेण्यासाठीही न्याय मंत्रालयाची संमती लागते.

येथे कंबरेच्या पट्ट्याला किल्ल्या आणि धोक्याची घंटा अडकवल्याशिवाय कोणी आत जात नाही, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही, आणि जेवणानंतर सुऱ्या-काटे मोजून जुळल्याखेरीज कोणाला जेवणघराबाहेर पडता येत नाही. नवख्या माणसाला सुरक्षा म्हणजे एवढेच, असे वाटते. प्रत्यक्षात येथे सर्वांत जास्त भर दिला जातो तो 'रिलेशनल सिक्युरिटी'वर, म्हणजे रुग्णाला इतके जवळून ओळखण्यावर की त्याच्यात झालेला बारीकसा बदलही लक्षात यावा, आणि लक्षात आल्यावर त्यावर काहीतरी करावे. माझी चूक या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात झाली.

आता त्या शून्याविषयी. आमच्या वॉर्डमध्ये रोज 'डासा' नावाची एक छोटी तपासणी भरली जाते. ऑस्ट्रेलियातील फोरेन्सिक रुग्णालयाच्या अनुभवातून ती २००६ च्या सुमारास तयार झाली. तिच्यात सात गोष्टी पाहतात: चिडचिड, उतावीळपणा, सांगितलेले करण्यास नकार, कोणी मुद्दाम डिवचत आहे अशी भावना, मागणी नाकारल्यावर चटकन येणारा राग, शाब्दिक धमक्या आणि एकंदर नकारात्मक वृत्ती. गेल्या २४ तासांत जे दिसले त्याला एक गुण, न दिसले तर शून्य. बेरीज जितकी जास्त तितका पुढच्या २४ तासांत आक्रमकतेचा संभव अधिक. नॉर्वेतील ब्रॉसेट तपासणी याच धर्तीची असून तिच्यात सहा निकष आहेत. ही साधने उपयोगी आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. केवळ अंतःप्रेरणेवर विसंबणाऱ्या माणसापेक्षा ती अधिक सातत्याने बरोबर ठरतात, आणि 'मला तो माणूस बरा वाटत नाही' यासारख्या पूर्वग्रहांना आळा घालतात. पण सातही निकष वाचून पाहिले तर लक्षात येईल की ते सगळे गोंगाट करणाऱ्या रागाचे आहेत. मुका राग त्यांत कुठेच बसत नाही.

आमच्या या रुग्णाचा राग मुका होता, आणि हे लिहून ठेवलेले होते. प्रत्येक रुग्णाचे एचसीआर-२० या पद्धतीने सविस्तर मूल्यमापन केलेले असते. कॅनडात तयार झालेल्या या पद्धतीची तिसरी आवृत्ती २०१३ मध्ये आली. नावातील वीस म्हणजे वीस घटक. त्यांपैकी दहा भूतकाळातले असतात, उदाहरणार्थ पूर्वीची हिंसा, व्यसने, बालपणीचे आघात, उपचार सोडून देण्याचा इतिहास. पाच सध्याच्या मनःस्थितीचे आणि पाच पुढच्या काळातील परिस्थितीचे, जसे राहण्याची सोय, आधार देणारी माणसे, ताणतणाव. या वीस घटकांची बेरीज करून निर्णय घ्यायचा नसतो. कोणता घटक या विशिष्ट माणसाच्या बाबतीत खरोखर कारणीभूत ठरतो, हे शोधायचे, त्यातून 'हा माणूस हिंसेकडे कसा आणि का वळतो' याची सलग मांडणी करायची, आणि पुढे काय काय घडू शकते याची चित्रे लिहून काढायची. पूर्वी घडले तसेच पुन्हा घडले तर? त्याहून गंभीर घडले तर? बळी वेगळाच कोणी असला तर? काहीच घडले नाही, तर ते कशामुळे? मला हा शेवटचा प्रश्न फार आवडतो, कारण ज्या गोष्टी माणसाला सावरून धरतात त्यांची चौकशी करायला तो भाग पाडतो.

या रुग्णाच्या मांडणीत स्पष्ट लिहिले होते की आवाज चढवणे हे त्यांच्या बाबतीत धोक्याचे लक्षण नाही. मनातील आवाजांचा जोर वाढला की ते नेहमीच्या सवयी एकेक करून सोडतात आणि गप्प होत जातात. हे पान मी घटनेनंतर वाचले. त्या वॉर्डमध्ये मला तेव्हा दोनच महिने झाले होते, ही सबब मी चौकशीत पुढे केली आणि ती मान्यही झाली. पण पंचवीस पानांचा अहवाल संगणकात सुरक्षित ठेवायचा आणि रोज रुग्णाजवळ उभे राहणाऱ्या माणसाने तो उघडायचाच नाही, असा प्रकार फक्त माझ्यापुरता मर्यादित नव्हता.

मी आठ वाजता पाहिले होते ते असे. वॉर्डच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा आहे, त्यावर वार, तारीख आणि त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्यांची नावे लिहिलेली असतात. तारीख बदलणे हे त्या रुग्णाने स्वतःहून घेतलेले काम होते. रोज सकाळी ते कालचा आकडा कपड्याने नीट पुसत, एक पाऊल मागे सरकून पाहत आणि मग नवा आकडा कोरीव अक्षरात लिहीत. त्या दिवशी मी चहाचा कप घेऊन तेथून जाताना फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख होती, आणि ते फळ्याकडे पाठ करून बसले होते. 'अरे, आज तारीख बदलली नाही,' एवढा विचार माझ्या मनात आला आणि मी औषधांच्या ट्रॉलीकडे निघून गेले.

घटनेनंतर वॉर्डमधील काहींनी एकदम दुसरे टोक गाठले. त्या रुग्णाला महिनाभर सतत नजरेखाली ठेवावे, बाहेर जाण्याची परवानगी बंद करावी, असा सूर निघाला. यावर एक साधे गणित मांडता येते. समजा, १०० रुग्णांपैकी १० जण खरोखर हिंसक होणार आहेत आणि आपले साधन दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ते १० पैकी ८ जणांना बरोबर ओळखेल, पण उरलेल्या ९० पैकी १८ जणांवरही धोकादायक असा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या २६ जणांपैकी १८ जण हिंसक होणारच नव्हते. या चुकीची किंमत ते १८ जण मोजतात, आणि ती वर्तमानपत्रात येत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्सट्रॉम खटल्यातील निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातील गुन्हेगार मनोरुग्णांच्या संस्थांमधून ९०० हून अधिक लोकांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. हे सगळे 'धोकादायक' ठरवलेले लोक होते. पुढील काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांच्यापैकी फारच थोडे हिंसक वागले.

म्हणून धोका 'आहे की नाही' हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. कोणत्या परिस्थितीत, कोणाला, किती लवकर आणि काय केले तर टळेल, हे विचारावे लागते. वॉर्डमधील कित्येक मारामाऱ्यांची सुरुवात एखाद्या नकारातून होते. बाहेर जाणे रद्द झाले, भेटीला येणारे आले नाहीत, मंत्रालयाचे पत्र नकाराचे आले. लंडनमध्ये विकसित झालेल्या 'सेफवॉर्ड्स' या पद्धतीतील दहा उपायांपैकी एक वाईट बातमीचा आघात कमी करण्यासंबंधीच आहे. परवा एका तरुण रुग्णाचे बाहेर फिरायला जाणे कर्मचारी कमी असल्यामुळे रद्द करावे लागले. पूर्वी हे आम्ही दारातूनच सांगून टाकायचो. या वेळी त्याच्याशी ज्या नर्सचे चांगले जमते तिने त्याला शांत खोलीत बसवले, स्वतः दाराच्या बाजूला पण त्याची वाट न अडवता बसली, चूक आमच्या बाजूची आहे हे आधी सांगितले आणि मग नवी वेळ लिहून हातात दिली. तो शिव्या देत उठला, दोनदा खुर्चीला लाथ मारली आणि आपल्या खोलीत गेला. वॉर्डमध्ये याला यशस्वी दुपार म्हणतात.

सगळेच असे निभावत नाही. शब्द संपतात तेव्हा धरावे लागते, इंजेक्शन द्यावे लागते, क्वचित एकांत कक्षात ठेवावे लागते. पण हे उपाय स्वतःच धोकादायक आहेत. पालथे पाडून दाबून धरल्यास श्वास कोंडू शकतो, म्हणून तसे धरणे टाळण्याचे प्रशिक्षण आम्हाला वारंवार दिले जाते, आणि धरलेल्या रुग्णाचे डोके व श्वास यांवर लक्ष ठेवणे हे एका व्यक्तीचे वेगळे काम असते. २०१० मध्ये ओलासेनी लुईस या २३ वर्षांच्या तरुणाचा, मनोरुग्णालयात पोलिसांनी बराच वेळ दाबून धरल्यानंतर, मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून २०१८ चा बळाच्या वापरासंबंधीचा कायदा आला आणि बळाचा वापर नोंदवणे, तो कमी करण्याचे धोरण आखणे बंधनकारक झाले. शांत करणारे इंजेक्शन दिल्यावर नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, तापमान, शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि रुग्ण किती शुद्धीवर आहे हे किमान दर तासाला तपासायचे, आणि रुग्ण झोपल्यासारखा वाटला तर दर १५ मिनिटांनी. झोपलेल्या माणसाची काळजी अधिक करायची, हे नव्या मुलींना चमत्कारिक वाटते. एकांत कक्षाबाहेर सतत कोणीतरी बसलेले असते, दर १५ मिनिटांनी नोंद होते आणि दर दोन तासांनी दोन नर्सेस मिळून 'आता हे संपवता येईल का' याचा विचार करतात.

ठोशाच्या घटनेनंतर तीन आठवड्यांनी, औषध बदलून ते रुग्ण सावरल्यावर, मी आणि त्यांची मुख्य नर्स त्यांच्याबरोबर त्यांच्या काळजीची योजना नव्याने लिहायला बसलो. मी त्यांना फळ्याविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आवाज सांगत होते की मी आकडा पुसला तर कोणीतरी मरेल. तुम्ही पाहिलंत ना तेव्हा? मला वाटलं, तुम्ही विचाराल."

आता त्यांच्या योजनेच्या पहिल्याच पानावर, पंचवीस पानांच्या आत दडलेल्या परिच्छेदाऐवजी, त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे: 'मी तारीख बदलली नाही तर माझ्याजवळ या, एकटे येऊ नका, मोठ्याने बोलू नका, आणि आवाज काय म्हणत आहेत ते विचारा.' हँडओव्हरच्या कागदावर गुणांच्या रकान्याशेजारी त्यांच्यापुरता एक छोटा रकाना वाढवला आहे. सकाळची पाळी घेणारी नर्स आधी फळा पाहते, आणि मग आकडा लिहिते.