कॅश काउंटरवरची कोजागिरी

बडोद्यात नवरात्राचा गरबा आटोपला की कोजागिरीला जेमतेम पाच दिवस उरतात. मंडळाचं संमेलन ज्या जुन्या बँकेच्या दालनात भरायचं, त्याच्या भिंती याच पाच दिवसांत चुन्याने उजळायच्या. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली मांडवीत सुरू झालेली बँक ऑफ बडोदा ती केवढी. दालनाची ही जुनी बँक तिच्यापुढे चिमुकली. बँक गेली, सागवानी काउंटर तेवढा राहिला. त्याची जाळी उतरवली की झालं रंगमंच!

चुन्याची तयारी पितृपक्षातच सुरू व्हायची. पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी चुनकळी. उलट केलं की उकळून अंगावर उडते. पंधरा दिवस भिजलेला चुना फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची. भिंत ओली करून तीन पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. घाईने एकच जाड हात दिला तर पोपडे सुटतात. कोरड्या भिंतीवर दिला तर संमेलनभर सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या.

तिजोरीच्या खोलीचं लोखंडी दार दोन किल्ल्यांचं. बँकेत एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. मंडळात एक अध्यक्षांकडे, दुसरी खजिनदारांकडे. अध्यक्ष उशिरा आले की दूध आत आणि माणसं बाहेर! खोलीला वारा नाही, त्यामुळे गरम दुधाची वाफ दाराच्या आतल्या पत्र्यावर धरायची आणि पुढच्या वर्षी तिथे तांब दिसायची. शेवटी आत फक्त पेले ठेवायचे ठरलं. मसाला दूध आणि शेजारच्या गुजराती मंडळींचे दूध-पौंआ बाहेर ओसरीवर.

एका वर्षी 'दरवर्षीची कटकट नको' म्हणून भिंतीच्या खालच्या चार फुटांवर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढला. दिसायला झकास. पण जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून सुकून जाते, सिमेंटमधून नाही. ती वरची वाट धरते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, सहा फुटांवर फुलला आणि विटा हाताने भुरभुरू लागल्या. मग सिमेंट हलक्या छिन्नीने काढलं, सांधे उकरले, भिंत महिनोन्महिने उघडी वाळवली, क्षार कोरड्या ब्रशने झाडले. पाण्याने धुतले असते तर ते पुन्हा आत मुरले असते. नवा गिलावा एक भाग चुना, तीन भाग वाळू. त्यावर दहा दिवस ओली गोणपाटं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी ओल टिकावी लागते.

त्या साली कोजागिरीला गोणपाटं अजून भिंतीवरच होती. टेकायला जागा नव्हती, म्हणून सगळं मंडळ दालनाच्या मधोमध, पाठीला पाठ लावून बसलं.