आरोएइरा, टॅनिन आणि हळदीचं पेटंट

ब्राझीलमध्ये काम्पिनासच्या रस्त्याकडेला आरोएइराची झाडं सर्रास दिसतात. आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याच कुळातलं झाड. याचा चीकही काहींच्या अंगावर उठतो. लालचुटुक फळं दुकानात 'गुलाबी मिरी' म्हणून मिळतात. सालीचा काढा इथल्या आज्या जखमा धुवायला वापरत आल्या, आणि सरकारी आरोग्यसेवेच्या औषधांच्या यादीतही आरोएइराला जागा आहे.

अशा झाडांत नवं अँटिबायोटिक शोधायचं, हे आमचं काम. पानं वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची. अल्कोहोल उडवलं की चिकट, काळपट अर्क उरतो. तो ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पातळ करत न्यायचा, त्यात जंतू सोडायचे आणि शेवटी रेझाझुरिन हा निळा रंग. जंतू जिवंत असले तर निळा रंग गुलाबी होतो.

खाच निळी राहिली की नवखी पोरं नाचतात. पण पुष्कळदा ती करामत टॅनिनची असते. चहातलं, हिरड्यातलं तेच तुरट द्रव्य. समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे औषध म्हणून फारसं कामाचं नाही. घरून सूचना येते, "अगं, हळद घेऊन बघ!" हळदीतलं कर्क्युमिन तर चाचणीलाच चकवतं, कारण ते स्वतःच चमकतं. हळदीचे चमत्कार मी फॉरवर्ड करणं कधीच सोडलंय.

वनस्पतींनी मलेरियावर क्विनीन आणि आर्टेमिसिनिन दिलं, अँटिबायोटिक्स मात्र बहुतेक मातीतल्या जंतूंकडून आणि बुरशींकडून आली. मला वाटतं, 'मारतं का?' एवढंच विचारून आपण झाडांवर अन्याय करतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या गटाने याच आरोएइराच्या फळांचा अर्क एमआरएसए या चिवट जंतूवर वापरला. फळं फ्लोरिडातली, तिथे हे झाड म्हणजे उपद्रव. जंतू मेले नाहीत. पण एकमेकांना रासायनिक निरोप धाडून ते विष सोडायची वेळ ठरवतात, तो निरोपच तुटला आणि उंदरांच्या त्वचेवरच्या जखमा कमी झाल्या. आमच्या प्लेटमध्ये हा अर्क गुलाबी होऊन सरळ नापास झाला असता!

कागदपत्रांचा व्याप वेगळाच. २०१५ च्या कायद्यानुसार इथल्या झाडांवरचं संशोधन छापण्याआधी सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं, आणि परदेशी माणसाला त्यासाठी इथली संस्था सोबत लागते. लॅबमधले कुरकुरतात. मी मुकाट्याने फॉर्म भरते, कारण मला हळदीची गोष्ट आठवते. हळदीने जखम भरते याचं अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घ्यायला माशेलकरांच्या सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेला जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडावे लागले होते.